‘गॅस’ म्हणजे काय, ते आधी विचार

चि. डॉक्टरीणबाईंस,
अनेक आशीर्वाद.

विक्रोळीचा दवाखाना लागून महिना झाला आणि अर्धे पेशंट पोटाचेच येतात, असं परवा फोनवर म्हणालीस. आवाज जरा कंटाळलेला वाटला, म्हणून लिहायला बसलो. लालबागला मी चाळीस वर्षं हीच पोटं तपासली.

आपल्याकडे ‘गॅस झालाय’ या दोन शब्दांत काहीही मावतं. पोट फुगलं, करपट ढेकर आले, छातीत जळजळलं, संडासला झाली नाही, सगळं गॅस. डोकं दुखलं तरी गॅस वर चढलेला असतो. तेव्हा गोळी लिहायच्या आधी म्हण, ‘काका, गॅस म्हणजे नक्की काय होतं? बोट ठेवून दाखवा.’ बोट बेंबीच्या आसपास गेलं तर सावकाश बोलू. आख्खा तळवा छातीवर गेला तर खुर्चीतून उठ आणि ईसीजी काढ.

हे मी उशिरा शिकलो. बाजारात हमाली करणारा पन्नाशीचा माणूस, मधुमेही, संध्याकाळी गर्दीच्या वेळेला आला. ‘डॉक्टर, गॅस धरलाय.’ खांद्यावरच्या पंचाने कपाळ पुसत होता. पंखा त्याच्या डोक्यावरच होता, तरी पुसत होता. मी पाहिलं, आणि पातळ औषध लिहून दिलं. रात्री साडेनऊला त्याचा मुलगा बाटली घेऊन परत आला. बाटलीचं बूचही उघडलेलं नव्हतं. मुलगा मला काही बोलला नाही.

दुसरा प्रश्न: लोकल कितीची? हसू नकोस. सकाळी सहाची गाडी पकडणारा माणूस उपाशीपोटी चहा मारून पळतो. खरं तर सकाळी पोटात काही पडलं की मोठं आतडं आपणहून हलायला लागतं, तीच संडासची वेळ. ती वेळ त्याची प्लॅटफॉर्मवर जाते. आमच्या चाळीत तर मजल्याला दोन संडास, बाहेर टमरेलं धरून रांग, आणि आतल्याला खोकून घाई करणारे शेजारी. दाबून ठेवायची सवय लागली की कळ यायचीच कमी होते. मळ आतच राहतो, मोठं आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि खडा बनतो. मग कुंथणं, चीर, मूळव्याध. बायकांचं आणखी वेगळं. दीड-दोन तास गाडीत, वाटेत बरा संडास नाही, म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांना इसबगोल दिलंस तर वर पेलाभर पाणी प्यायला बजाव. कोरडं घेतलं तर आणखी अडेल.

रात्रीचं गणितही विचार. घरी पोचायला दहा, जेवायला साडेदहा, अकराला आडवा. भरल्या जठराला रिकामं व्हायला काही तास लागतात. आडवं झालं की अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या स्नायूच्या वळ्यातून आंबट वर येतं. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा, असं पुस्तकात आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत माणूस जमिनीवर झोपतो, विटा कुठे ठेवायच्या? मी सांगायचो, पोळीभाजी संध्याकाळी सातला कामावरच खा, घरी वाटीभर वरणभात, आणि डाव्या कुशीवर झोपा. मानायचे. ॲसिडिटीची गोळी मात्र सगळे जेवल्यावर घेतात. ती खाण्याआधी अर्धा तास. आणि केमिस्टकडून वर्षानुवर्षं परस्पर आणत असतील तर थांबवून विचार, गुडघेदुखीची गोळी चालू आहे का? जठराला जखमा करण्यात त्या गोळ्यांचा हात मोठा. दुसरा हात हेलिकोबॅक्टर जंतूचा. माझ्या उमेदीच्या काळात अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट, असंच शिकवायचे. दोष जंतूचा आहे हे पटवायला ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टर बॅरी मार्शलने 1984 मध्ये तो जंतू स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, 2005 मध्ये त्याचा सहकारी वॉरन आणि त्याला नोबेल मिळालं. आमचे पेशंट तोवर बिचारे मिरची सोडून बसले होते.

पावसाळ्यात जुलाब, कावीळ, टायफॉइड येतीलच. ओआरएसची पुडी लोक चिमूट-चिमूट करून ग्लासात टाकतात. मोठी पुडी अख्खी एक लिटरमध्ये, हे बाटली हातात धरून दाखव. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत जातं, त्यामागे पाणी जातं. प्रमाण चुकलं की सगळंच फुकट. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉक्टर दिलीप महालनबिसांनी असल्याच पाण्यावर कॉलऱ्याची माणसं वाचवली, सलाईन संपत आलं होतं तेव्हा. इथे पेशंट सलाईनसाठी हट्ट धरतील. पिता येत असेल आणि पिऊन पोटात राहत असेल तर देऊ नकोस, चार पेशंट नाराज होऊन गेले तरी चालतील.

डांबरासारखी काळी संडास, शौचातून रक्त, गिळताना अडकणं, न सांगता उतरलेलं वजन, यांना ‘गॅस’ म्हणून घरी पाठवायचं नाही. उजवीकडे खाली दुखतंय आणि संध्याकाळी कणकण येते, तर आतड्याचा टीबी डोक्यात ठेव. मुंबईत तो पुष्कळ दिसतो. म्हणून प्रत्येकाचं वजन दर वेळी कागदावर लिही.

काटा माझा घेऊन जा, लोखंडी आहे, टिकेल. रविवारी दुपारी ये, जेवायलाच ये. ईसीजीचं मशीन मात्र नवीन घे. एसी नंतर बसव.

तुझा,
काका