आजीचं इरकली लुगडं पॉलिशला टाकण्याआधी

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. आजीचं नऊवारी इरकली लुगडं, ट्रंकेत ठेवलेले ब्लाऊजचे दोन खण, आजोबांचं बंद पडलेलं एचएमटी घड्याळ, आणि दोन हजारांत हे सगळं ऑफिसच्या कपड्यांत मिसळायचंय. कशावर काय घालायचं ते इतरांनी भरपूर सांगितलंय, त्यात मी पडत नाही. तुम्ही शेवटी सहज विचारलंय, "लुगडं आधी पॉलिशला टाकून घेऊ का?" पॉलिश म्हणजे कांजी लावून गरम रोलरखालून काढणं. त्यासाठी हे उत्तर. नका टाकू.

मी काही वस्त्रतज्ज्ञ नाही. घरातली जुनी लुगडी सांभाळता सांभाळता जे कळलं तेवढंच सांगतेय.

माझ्या आजीचंही इरकलीच होतं. गर्द निळं सुती अंग, लाल रेशमी पदर. शहरातल्या एका नावाजलेल्या लाँड्रीत दिलं. देताना स्पष्ट सांगितलं की पदर रेशमी आहे, कांजी नको, रोलर नको. काउंटरवरच्या माणसाने मान डोलावली आणि पावतीवर लिहिलं, "साडी १ नग, पॉलिश". कपडे दुकानात धुतलेच जात नाहीत, गावाबाहेरच्या कारखान्यात जातात, हे मला नंतर कळलं. तिथे पावती पोहोचते, तुमचं बोलणं पोहोचत नाही.

लुगडं परत आलं ते पुठ्ठ्यासारखं कडक. घरी उलगडायला घेतलं तर पदर घडीच्या रेषेवर सरळ फाटला. पुढची घडी सोडवली, तिथेही तेच. दुकानात गेले तर त्यांनी पावती उलटी करून मागचा बारीक मजकूर दाखवला: जुन्या कपड्याची जबाबदारी नाही, भरपाई धुलाईच्या दराच्या अमुक पटीपर्यंतच. मालक कधी भेटले नाहीत. "कारखान्यात विचारून सांगतो" हे मात्र दर वेळी ऐकलं. शेवटी पुढच्या धुलाईवर सवलत देऊ केली! आजीच्या अंगावरचं लुगडं गेलं आणि हे मला सवलत देत होते. अजूनही आठवलं की संताप होतो.

हे का झालं ते समजून घ्या, कारण तुमचं लुगडंही त्याच जातीचं आहे. जुन्या इरकलीत बहुतेक वेळा अंग सुती आणि पदर रेशमी असतो. दोघांचे ताणे, म्हणजे उभे धागे, एकमेकांत अडकवून पदर जोडलेला असतो. सुताला पाणी, कांजी, इस्त्री सगळं मानवतं. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम मात्र त्या घडीवर ठिसूळ झालेलं असतं. त्यात कांजी शिरली आणि वरून गरम रोलर फिरला की संपलं.

म्हणून आधी घरीच बघा. पदर उजेडासमोर धरा. घडीच्या रेषेतून जास्त उजेड आला की समजा तिथे विरलंय. मग पदर दोन्ही चिमटींत धरून अगदी हलका ताण द्या, आधी उभा, मग आडवा. धागे सरकले किंवा बारीक टर्र असा आवाज आला तर ते लुगडं नेसायचं नाही, बाहेर धुवायला तर मुळीच द्यायचं नाही. सावलीत पसरून वारा द्या, घडी बदला, मऊ सुती फडक्यात बांधून ठेवा. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका.

लुगडं धड निघालं तर पदराकडचे सहा वार राखून नेसायला ठेवा, उरलेल्या तीन वारांत कुर्ता होतो. धड लुगड्याचा अख्खा ड्रेस शिवू नका, बुटीकवाली कितीही गोड बोलली तरी. माझं हे मत टोकाचं वाटेल, वाटू दे. पदर एकदा कापला की परत येत नाही. आपल्या आज्या विरलेला मधला भाग काढून, उरलेले तुकडे जोडून, म्हणजे दंड घालून, लुगडं नेसायच्या. कात्री लागायची ती फाटलेल्या जागीच.

विरलेलंच असेल तर काठ वाचवा. काठाला लागून बोटभर अंग ठेवून कापा, खाली मलमलचं अस्तर द्या आणि तुमच्याकडच्याच साध्या सुती कुर्त्याच्या बाहीला किंवा घेराला हाताने धावदोऱ्याने जोडा. मशीन नको. कुर्ता धुवायच्या वेळी टाके उसवून काठ बाजूला काढता येतो. रोज एवढी एकच जुनी गोष्ट अंगावर असावी, बाकी सगळं साधं. काठ, ठुशी, कुड्या, नथीचा ब्रोच सगळं एकदम घातलं की हळदीकुंकवाला निघाल्यासारखं दिसतं, ऑफिसचं वाटत नाही.

खणाचं ब्लाऊज शिवण्याआधी ओला पांढरा रुमाल त्यावर दाबून धरा. रंग उतरला तर पांढऱ्या साडीवर घालू नका. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, कमी असतो, त्यामुळे लांब बाह्या निघतीलच असं नाही, शिंप्याला आधीच विचारा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. जरीची जुनी लुगडी बोहारणीला भांड्यावर घालू नका. अस्सल जरीत चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. अशी लुगडी विकत घेऊन जाळतात आणि चांदी काढतात. काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही. चांदी काळी पडतेच.

लाँड्रीत देऊन बसला असाल आणि काही बिघडलं असेल, तर पावतीमागे छापलंय म्हणून गप्प बसू नका. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही जमलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांना तिथे फी नाही. मी वकील नाही, पण एवढं खात्रीने सांगते. लुगडं देण्याआधी तारखेसकट फोटो काढा आणि तुमच्या सूचना पावतीवर त्यांच्याच अक्षरांत लिहून घ्या. लिहीत नसतील तर लुगडं घेऊन घरी या.

एचएमटीचं सोपं आहे. चावीचं असेल तर बऱ्याचदा तेलपाणी केलं की चालू होतं. जुन्या पेठेतल्या, स्टुलावर बसून काम करणाऱ्या घड्याळजीकडे द्या, मॉलमध्ये नको. डायल बदलू देऊ नका. सरकारने २०१६ मध्ये कंपनी बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून जुने मूळ भाग मिळणं अवघड होत चाललंय, आणि बाजारात रंगवलेल्या डायलची घड्याळं सर्रास "ओरिजिनल" म्हणून विकतात. पट्टा नवा, साधा, तपकिरी चामड्याचा घ्या.

पदराचा फोटो टाकाल का? घडीच्या जागेचा, मागून उजेड येईल असा. बघून सांगते, नेसण्याजोगं आहे की फक्त काठ काढायचा.