कितीही खाल्ले तरी वजन वाढत नाही. सडपातळ माणसाने नेमके काय आणि किती खावे?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: वय २२, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ५० किलो, शिक्षणासाठी घरापासून दूर, दोन्ही वेळचे जेवण मेसमध्ये, खोलीवर एक विजेची केटली एवढेच साधन, आणि तक्रार अशी की भरपूर खाऊनही ते अंगाला लागत नाही. शिवाय वजन वाढवण्याची पावडर घ्यावी का, हेही तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. मात्र याच वयात, जवळजवळ याच उंचीचा आणि ४९ किलोचा मी पुण्यात शिकत होतो, मित्रमंडळींत ‘काडी पहिलवान’ म्हणून ओळखला जात होतो, आणि त्यानंतरच्या सव्वा वर्षात ६० किलोपर्यंत आलो. त्या काळात जे कळले, आणि पुढे या विषयावर जे वाचले, त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

प्रथम हिशेब पाहू. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो तुमच्या बाबतीत १६.९ आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १८.५ च्या खाली वजन कमी समजले जाते. म्हणजे तुम्ही किमान ५५ किलोंचे असायला हवे. त्यामुळे ‘आमच्या घराण्यात सगळे असेच’ असे म्हणून सोडून देण्यासारखी ही बाब नाही, आणि खाण्यापिण्याचे बदल सुरू करण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे जाऊन यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. लहानपणापासून सडपातळ असणे आणि असलेले वजन उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेल्या सहा महिन्यांत काही कारण नसताना दोन-अडीच किलो वजन कमी झाले असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, छातीत धडधडत असेल, हात थरथरत असतील, सारखी तहान लागून वारंवार लघवीला जावे लागत असेल किंवा पोट सतत बिघडत असेल, तर क्षयरोग, थायरॉईड, मधुमेह, आतड्यांचे विकार यांची तपासणी टाळू नये. जेवणाची भीती किंवा किळस वाटत असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. माझ्या रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्यांत काहीही निघाले नाही. डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवून मला एवढेच विचारले की काल दिवसभरात काय खाल्ले ते सांगा, आणि मला दुपारच्या जेवणापलीकडे काही आठवेना.

त्यांनी सांगितले म्हणून मी आठवडाभर खिशात छोटी वही ठेवली. तुम्हीही दुसरे काही करण्याआधी हेच करावे, कारण माझ्या अनुभवात सर्वांत मोलाची गोष्ट ही वही ठरली. तोवर मी शपथेवर सांगितले असते की मी भरपूर खातो. वहीतला एक मंगळवार असा होता: सकाळी चहा आणि चार बिस्किटे, साडेदहाला पोह्यांची एक बशी, दीडला मेसमध्ये तीन पोळ्या, भाजी, अर्धी वाटी वरण (ज्यात डाळ शोधावी लागे), थोडा भात, पाचला चहा, सातला मित्र आला म्हणून पुन्हा चहा, रात्री भूक मेलेली, म्हणून दोन पोळ्या, भाजी आणि दोन घास भात. याची बेरीज फार तर १,६०० कॅलरी होते. सोमवार ते शनिवार आकडा १,६०० ते २,००० यांच्या दरम्यान फिरत होता, आणि रविवारी मामाकडे मटण-भाकरी, वर दोनदा भात आणि दुपारी श्रीखंड, असा ३,००० च्या पुढे गेला होता. माझ्या आठवणीत फक्त तो रविवार राहिलेला असायचा. ‘कितीही खाल्ले तरी’ असे मी म्हणायचो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मामाकडचे ताट असे. बाकीचे सहा दिवस आणि मेसमध्ये पडलेले खाडे हिशेबातच धरलेले नसत. अनेक बारीक माणसांच्या बाबतीत असेच घडते, असे मला पुढे दिसून आले. एका वेळी खूप खाल्ले की पुढच्या दोन वेळा त्यांची भूक आपोआप कमी होते, आणि आठवड्याची सरासरी जिथल्या तिथे राहते.

याचा अर्थ प्रकृतीचा काहीच भाग नाही असा मात्र नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील जेम्स लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी अधिक खाऊ घातल्या, तेव्हा कोणाच्या अंगावर जेमतेम ३६० ग्रॅम चरबी चढली, तर कोणाच्या अंगावर सव्वाचार किलोंच्या आसपास. ज्यांच्या अंगावर कमी चढली, त्यांची नकळत होणारी हालचाल वाढलेली होती: उठबस, येरझाऱ्या, उभे राहणे, हातापायांची चुळबुळ. मी बसल्या जागी पाय हलवत असे आणि आजी त्यावरून रागवत असे. ती सवय म्हणजे माझ्या शरीराची जादा ऊर्जा उधळून टाकण्याची वाट असावी, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? त्याआधी १९९० साली क्लॉड बुशार या संशोधकांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांवर असाच प्रयोग केला होता. शंभर दिवसांपैकी ८४ दिवस रोज १,००० कॅलरी जास्त दिल्यावर कोणाचे वजन सव्वाचार किलोंच्या थोडे वर वाढले, तर कोणाचे १३ किलोंच्या वर, आणि जोडीतल्या दोघांची वाढ एकमेकांशी पुष्कळ मिळतीजुळती होती. म्हणजे रक्ताचा गुण आहेच. पण ज्याचे सर्वांत कमी वाढले, त्याचेही चार किलोंवर वाढले, आणि मला धीर आला तो या आकड्याने.

आता काय खावे याकडे वळतो. वहीतून निघालेल्या तुमच्या सरासरीपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त पोटात जाव्यात, एवढेच उद्दिष्ट धरावे. तुमचे पोट लहान जेवणाला सरावलेले असल्याने ताटातील पोळ्या वाढवून हे साधणार नाही. मी तीनच्या पाच पोळ्या करून पाहिल्या, चौथ्या दिवशी पोट फुगले आणि दोन वेळचे जेवण बुडाले. त्याऐवजी जागा कमी व्यापणारे आणि बळ जास्त देणारे पदार्थ आहे त्याच ताटात मिसळावेत. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून सुमारे १७० कॅलरी मिळतात. सायीच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यातून २०० हून अधिक. एका केळ्यातून १०० च्या आसपास. दोन चहाचे चमचे तुपातून सुमारे ९०. ही चार नावे एकत्र केली की ५०० चा आकडा पार होतो आणि यांतील काहीही शिजवावे लागत नाही. मी मेसमध्ये दोन डब्या घेऊन जात असे, एका डबीत घरून आणलेले तूप आणि दुसरीत दाण्याचा जाडसर कूट. वरण-भातावर तूप आणि कोणत्याही भाजीवर दोन चमचे कूट, हा माझा नियम होता. मेसच्या काकूंना सुरुवातीला आपल्या स्वयंपाकाला नावे ठेवल्यासारखे वाटले, परंतु कारण कळल्यावर त्या स्वतःच माझ्या वरणात तळाची डाळ घालू लागल्या. आपण कशासाठी खात आहोत हे वाढणाऱ्याला सांगून ठेवावे, त्याचा असा उपयोग होतो.

घरून येणाऱ्या खाऊचा या दृष्टीने विचार केला तर आपल्याकडे कशाचीच वाण नाही. शेंगदाणा-गुळाचे लाडू, डिंकाचे किंवा अळिवाचे लाडू, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खजूर, नाचणीचे सत्त्व यांतले जे सहज मिळेल ते मागवावे. चिवडा आणि फरसाण यांनीही वजन वाढते, वडापावनेही वाढते. पण रोज त्यांवर भर दिला तर मीठ आणि तळण वाढते आणि त्या मानाने प्रथिने फारशी मिळत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. व्यायामाने स्नायू वाढवू पाहणाऱ्याने दीड ग्रॅमच्या आसपास धरावीत, म्हणजे तुम्हाला दिवसाला ७५ ग्रॅम. डाळ, उसळ, दही, दूध, शेंगदाणे आणि चालत असतील तर अंडी (एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम) यांतून हा आकडा हळूहळू गाठता येतो. दूध पचत नसेल तर दही घ्यावे. शेंगदाण्याने पित्त होते अशी तक्रार असेल तर मूठ दोन वेळांत विभागावी.

वेळांबाबत मला तुम्हाला थोडे खडसावून सांगावेसे वाटते, कारण माझे सर्वांत जास्त नुकसान चहाने केले. जेवणाच्या तासभर आधी चहा घेतला की भूक मरते, आणि विद्यार्थ्याच्या दिवसात असे तीन-चार चहा सहज होतात. मी चहा सोडला नाही, पण तो जेवणानंतर ढकलला आणि पाचच्या चहाच्या जागी दूध-केळे ठेवले. जेवायला बसताना तांब्याभर पाणी किंवा ताक पिण्याची सवय असेल तर तीही शेवटी न्यावी. भूक लागेल तेव्हा खाऊ, असे म्हणणाऱ्या बारीक माणसाला भूक क्वचितच लागते. म्हणून पाच वेळा ठरवून घड्याळाप्रमाणे खावे, आणि एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट खाऊन ती भरून काढण्याच्या फंदात पडू नये. वाढही टप्प्याटप्प्याने करावी. पहिल्या आठवड्यात फक्त दूध, दुसऱ्यात शेंगदाणे, तिसऱ्यात तूप, असे केल्यास पोट कुरकुर करत नाही.

व्यायामाशिवाय हे सगळे करू नये, याचे कारण पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटिश सहकारी जॉन यूडकिन यांच्यासोबतचे आपले छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले होते. वर सांगितलेला उंची-वजनाचा आकडा दोघांचाही २२.३ होता, पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक असलेल्या भारतीय माणसाच्या अंगातही चरबीचे प्रमाण जास्त असू शकते, आणि पुढे मधुमेहाचा धोका त्यातून वाढतो. तेव्हा नुसते खाऊन हातपाय काड्यांसारखेच ठेवून पोट सुटले, तर वजनकाट्यावर आनंद होईल, पण प्रकृतीचे भले होणार नाही. जिम परवडत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि पुस्तकांनी भरलेली सॅक उचलणे एवढ्यावर सुरुवात करता येते, मात्र दर आठवड्याला संख्या किंवा ओझे वाढले पाहिजे. मी पहिल्या दिवशी चार जोर काढले आणि पाचव्याला हात लटपटले. चार महिन्यांनी पंचवीस सलग निघत होते. या काळात रोज दहा किलोमीटर पळण्याचा उत्साह दाखवू नये, आणि झोप सात तासांच्या खाली नेऊ नये.

पावडरीविषयी माझे मत थोडक्यात असे आहे. वजन वाढवण्याच्या पुष्कळशा पावडरींत मुख्य भाग माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली पिठूळ पावडर) आणि साखर यांचा असतो; डब्यामागचे बारीक अक्षर वाचले की ते कळते, आणि तेच काम दूध-केळे स्वस्तात करते. खरी भीती आहे ती ‘पंधरा दिवसांत पाच किलो’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या, घटकांची यादी नसलेल्या पुड्या आणि कॅप्सूल यांची. त्यांत स्टेरॉईड किंवा भूक वाढवणारी सायप्रोहेप्टाडिनसारखी औषधे मिसळल्याचे प्रकार उघडकीस आलेले आहेत. माझ्या खोलीवरच्या मित्राने अशी एक पुडी आणली होती. महिन्यात त्याचे गाल टम्म फुगले, आम्हाला सगळ्यांना हेवा वाटला, आणि डॉक्टरांनी मात्र त्याचा चेहरा पाहताच पहिला प्रश्न विचारला की कोणते औषध घेतोस. ते औषधही त्याला एकदम थांबवता आले नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू सोडवावे लागले.

वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता आणि एकाच काट्यावर करावे. महिन्याला किलोभर वाढ हा चांगला वेग आहे. माझे पहिल्या दोन महिन्यांत अडीच किलो वाढले आणि मग दीड महिना काटा हलला नाही, कारण वाढलेल्या शरीराची गरजही वाढली होती. तेव्हा सकाळी आणखी एक पेला दूध सुरू केले आणि गाडी पुढे सरकली. तुमच्याकडे केटली आहे, हे माझ्या मते मोठे भांडवल आहे. तिच्यात दूध कधी उकळू नये, ते तळाला लागते आणि उतू जाऊन केटली खराब होते; पाणी मात्र हवे तितके उकळता येते. पाण्याला उकळी फुटली की दोन अंडी अलगद सोडावीत, केटली आपोआप बंद होते, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा एकदा चालू करावी आणि झाकण न उघडता बारा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी. तेवढ्या वेळात एक केळे आणि मूठभर दाणे खाऊन होतात.