‘राजकीय इतमामा’त कोणाला निरोप देऊ नका

प्रश्न असा आला आहे : एखाद्या नेत्यावर ‘राजकीय इतमामात’ अंत्यसंस्कार झाले असं लिहावं, की ‘शासकीय इतमामात’?

शासकीय. हिंदीतलं ‘राजकीय सम्मान’ म्हणजे सरकारी मान. मराठीत राजकीय म्हणजे राजकारणाचं. आर. आर. पाटलांची कारकीर्द राजकीय होती, फेब्रुवारी २०१५ मध्ये अंजनीला त्यांना निरोप दिला तो शासकीय इतमामात. हिंदी बातमी घाईत मराठीत ओढायची आणि मोठ्या माणसाच्या मरणाच्या बातमीत ही चूक पुन्हा पुन्हा वाचायला लावायची, हे आता थांबलं पाहिजे.

आता खुद्द इतमाम. अरबी ‘इत्माम’ म्हणजे पूर्ण करणं, म्हणून हा शब्द अखेरच्या निरोपाचा, असं काही जाणकार ठासून सांगतात. साफ चूक! ‘इत्माम’ हा ‘तमाम’चा भाऊबंद, त्याचा इथे संबंध नाही. इतमामात शेवट दडलेला असता, तर कोल्हापूरच्या दसरा चौकात सोनं लुटण्याचा सोहळा दरवर्षी ‘शाही इतमामात’ कसा झाला असता? मूळ शब्द आहे ‘इहतिमाम’ : काळजी, देखरेख, जातीनं लक्ष घालून केलेली व्यवस्था. उर्दूत आजही कार्यक्रम अमक्याच्या ‘जेरे-एहतमाम’ होतो, मदरशाचा कारभारी ‘मुहतमिम’ असतो. मधला ‘ह’ गळाला. आपल्या तालमीत पहिलवानाचा पैलवान झाला तसाच. पुढे व्यवस्थेवरून लवाजमा, लवाजम्यावरून थाट.

आणि या शब्दाचा अरबी धातू? ह-म-म, मनाला लागून राहणं. ‘हिंमत’ त्याचीच. ‘मोहीम’ही त्याचीच, मूळ ‘मुहिम्म’, म्हणजे महत्त्वाचं काम. करवीरचे सरदार हिंमतबहाद्दर, त्यांच्या मोहिमा आणि संस्थानचा इतमाम : तिन्ही शब्द एका घरचे!

ही काळजी निरोपाच्या वेळी बारकाव्यांत दिसते. पार्थिवावरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे हवा. अग्नी देण्याआधी ध्वज काढून घडी करतात. ध्वजसंहितेप्रमाणे तो चितेत जाळायचा नाही, थडग्यातही उतरवायचा नाही. बिगूल वाजतो, पोलीस हवेत तीन फैरी झाडतात. इथेही ‘तीन फेऱ्या झाडल्या’ असं छापून येतं. फेरी मारतात, झाडतात ती फैर. ती इंग्रजी ‘फायर’वरून आली, अनेकवचन फैरी. आणि त्या रायफलींच्या असतात, तेव्हा ‘तोफांची सलामी’ही लिहू नका.