चौदाव्या मजल्यावरचे कंडक्टर

‘दोन जिने चढलो की छाती धडधडते. माझं हृदय अधू झालंय का?’ चाळ पाडून टॉवर झाला आणि त्यात एकटी पडलेली किती वयस्कर मंडळी मला हे विचारतात! त्यातल्या एकाची गोष्ट, ओळख बदलून.

लालबागचे काका बेस्टच्या डबलडेकरवर कंडक्टर होते. काकू गेल्या, मुलगा पुण्याला. दूध, भाजी, औषधं सगळं दारात येतं. ईसीजी आणि टूडी इको पाहून डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितलं होतं, तरी भीती जाईना.

‘दिवसभरात किती चालता?’

‘पलंग ते टीव्ही. मनच लागत नाही, ताई. बरं वाटलं की जाईन खाली.’

बरं वाटायची वाट बघत बसलं की बरं वाटणं लांबतच जातं. आधी पाय हलावे लागतात, मन मागून येतं, असं मी ठामपणे मानते. शरीराचंही तेच. सवय मोडलेलं हृदय एका ठोक्यात कमी रक्त ढकलतं आणि ठोके वाढवून ती तूट भरून काढतं. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये एका प्रयोगासाठी पाच निरोगी तरुण तीन आठवडे अंथरुणात राहिले, तर त्यांची दमसास टिकवण्याची क्षमता पाव हिश्शाहून जास्त घटली. काका धडधडीला घाबरून बसत आणि बसल्याने धडधड वाढे.

मी त्यांना लंडनच्या डबलडेकरबद्दल सांगितलं. बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, हे ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी १९५३ साली मांडलं. काका बराच वेळ गप्प होते.

‘पण ताई, मी व्यायाम म्हणून कधी चढलोच नाही. वर माणसं असायची.’

तिथे मला गाठ सापडली. त्यांचं चालणं माणसांना बांधलेलं होतं. बसमध्येही आणि चाळीच्या गॅलरीतही. नुसतं ‘रोज चाला’ सांगून काय होणार होतं?

पहिल्या आठवड्यात मजल्यावरच्या पॅसेजमध्ये पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. टीव्हीसमोरून दर अर्ध्या तासाने उठायचं. खुर्ची भिंतीला टेकवून पाच उठबशा. पुढे प्रत्येक फेरी दर आठवड्याला दोन मिनिटांनी वाढवायची, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्याला १५० मिनिटं होईपर्यंत. बरेचजण पहिल्याच रविवारी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात, गुडघे सुजवून घेतात आणि महिनाभर घरी बसतात. छातीवर दाब, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम यातलं काहीही झालं तर मात्र लगेच थांबून १०८ लावायचा.

आणि रोज चार वाजता वर्तमानपत्र घेऊन सोळाव्या मजल्यावरच्या जुन्या शेजाऱ्यांकडे जायचं. चढताना जिना, उतरताना लिफ्ट, कारण उतरताना गुडघ्यांवर भार जास्त येतो.

सातव्या आठवड्यात काका म्हणाले, ‘काल वर पोचल्यावर धडधडलं. कठडा धरून उभा राहिलो. दोन मिनिटांत शांत झालं.’

‘मग?’

‘मग काय, चहा तयार होता.’