पॅरा एसएफचं वेड आणि दुखणारी नडगी

प्रश्न : आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मुलगा ओंकार (नाव बदललं आहे) बारावी सायन्सला आहे, वय सतरा. मे महिन्यापासून त्याच्या डोक्यात फक्त ‘पॅरा एसएफ’, म्हणजे सैन्यातल्या पॅराशूट कमांडोंचं विशेष दल, आहे. पहाटे साडेतीनला उठतो, सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरतो आणि मिलिटरी बूट घालून येऊरचा चढ पळत चढतो. सोसायटीच्या स्विमिंग पूलमध्ये श्वास रोखून तळाशी बसतो. क्लास बुडतात. दीड महिना झाला, उजवी नडगी दुखतेय, तर स्प्रे मारून पळतो. जिममधल्या कुणी तरी इंजेक्शनबद्दलही सुचवलंय. एक अकॅडमी ‘कमांडो बॅच’साठी लाखभर रुपये मागतेय. त्याचे बाबा म्हणतात, हे खूळ आहे, बंद करा. मी काय करू?
— एक आई, ठाणे

ताई, नमस्कार.

त्याला थांबवू नका आणि त्या अकॅडमीतही घालू नका. दोन्हीची कारणं पुढे लिहितो. पण आधी नडगीचं बघू, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, ती थांबणार नाही.

ओंकारला खुर्चीत बसवा आणि नडगीच्या आतल्या कडेवरून घोट्यापासून वर अंगठा दाबत न्या. वीतभर पट्टा सगळाच कमी-जास्त दुखत असेल, तर बहुधा ते स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं दुखणं असतं. पळणारी मुलं त्याला ‘शिन’ म्हणतात. पण एकाच जागी, बोटाच्या पेराएवढ्या ठिकाणी दाबल्यावर तो कळवळला, किंवा रात्री अंथरुणातही तिथे ठसठसत असेल, तर स्ट्रेस फ्रॅक्चरचा संशय घ्यायचा. म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर. दीड महिन्याचं दुखणं आहे, तेव्हा निकाल काहीही लागो, याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. एक लक्षात ठेवा, ही चीर पहिल्या काही आठवड्यांत साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आला’ म्हणून मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा ग्राउंडवर जातात आणि महिन्याभरात प्लास्टर घेऊन येतात. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला तर खर्चाकडे बघू नका. आणि तो स्प्रे कचऱ्यात टाका. वेदना दाबून पळणं ही शूरपणाची खूण आहे असं या मुलांना कुणी शिकवलंय, देव जाणे.

हे होतं कसं, ते त्याला समजावून सांगा, तो विज्ञानाचाच विद्यार्थी आहे. धावायला लागलं की हृदय आणि फुप्फुसं दीड-दोन महिन्यांत सुधारतात, दम वाढतो. हाड मात्र सावकाश बदलतं. ताण पडला की शरीर आधी हाडाचा जुना भाग काढून टाकतं आणि मग तिथे नवा, जास्त भक्कम भाग भरतं. या दोन्हींच्या मधल्या आठवड्यांत हाड पहिल्यापेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच वेळी मुलाला वाटतं, आता दम आलाय, अजून पाच किलो तांदूळ टाकूया. त्यात बूट, डांबरी चढ आणि उतरताना प्रत्येक पावलाला बसणारा दणका. जगभरच्या सैन्यांत नव्या रंगरुटांची हाडं अशीच जातात, म्हणून तिथेही आता ओझं आणि अंतर पायरीपायरीने वाढवतात.

आता मूळ मुद्दा. ओंकार जे करतोय ती पॅरा एसएफच्या प्रोबेशनची, म्हणजे निवडीआधीच्या कसोटीच्या काळाची, नक्कल आहे. रीलमध्ये चिखलात लोळणारे, ओंडके खांद्यावर घेतलेले, झोपेविना डुलक्या खाणारे जवान दिसतात. ते दृश्य चाळणीचं आहे. तिथे कुणाला घडवायचं नसतं, कोण उरतो ते बघायचं असतं. शिवाय चाळणीत पडणारे लोक आधीच फौजी असतात. अधिकारी असेल तर उदाहरणार्थ एनडीए या लष्करी अकॅडमीची ३ वर्षं आणि अधिकारी घडवणाऱ्या डेहराडूनच्या आयएमएचं १ वर्ष अंगावर घेऊन आलेला असतो, जवान असेल तर त्याचं रेजिमेंटचं ट्रेनिंग झालेलं असतं. सगळे मेडिकली तंदुरुस्त, बाजूला आर्मीचे डॉक्टर, आणि तरीही बहुतेक जण परत पाठवले जातात. सतराव्या वर्षी, एकट्याने, गुगलवरून उचललेल्या वेळापत्रकाने ती चाळणी रोज लावून घेतली तर शरीर फक्त झिजतं. झोप न घेण्याची प्रॅक्टिस करून झोपेविना राहण्याची ताकद वाढत नाही, मार्क मात्र कमी होतात.

आणि पॅरा एसएफला थेट भरती होऊन कुणी अधिकारी बनत नाही, हे घरात सगळ्यांना नीट माहीत हवं. आधी सैन्याचा कमिशन्ड अधिकारी व्हायचं, मग स्वेच्छेने नाव द्यायचं, मग प्रोबेशन, आग्र्याला पॅराशूटच्या ५ उड्या, आणि पुढचं सगळं. जवान म्हणून जायचं असेल तर आज दार अग्निवीरचं आहे. तिथे १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत मारले की ६० गुण, बीमवर १० पुलअप्स काढल्या की ४०. पण त्या ग्राउंडवर पोहोचण्याआधी ऑनलाइन लेखी परीक्षा आहे. नौदलाच्या मार्कोसचं आणि हवाई दलाच्या गरुडचंही तसंच, आधी वर्दी, मग विशेष दल (गरुडमध्ये पूर्वी हवाई सैनिकांची थेट भरतीही होत असे, तो एक अपवाद).

ओंकारसाठी सरळ रस्ता एनडीएचा. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस, परीक्षा वर्षातून दोनदा, म्हणजे त्याच्या हातात अजून संधी आहेत. लेखी ९०० गुणांची, त्यातले ३०० गणिताचे. नंतर एसएसबी या सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत पुन्हा ९०० गुणांची, ५ दिवस चालणारी. एका परीक्षेला जागा साधारण ४००, अर्ज लाखांत. जो क्लास तो बुडवतोय, तिथेच त्याचा पॅरा एसएफचा पहिला टप्पा चालू आहे. हे तुम्ही सांगितलं तर त्याला लेक्चर वाटेल, म्हणून हे पत्रच त्याच्या हातात द्या.

ओंकार, आता तुझ्याशी. यूपीएससीच्या एनडीए जाहिरातीत अकॅडमीत येण्याआधी किती तयारी हवी ते छापलेलं असतं, तू बहुतेक तिथपर्यंत स्क्रोल केलं नसशील. २.४ किलोमीटर १५ मिनिटांत, पुशअप्स आणि सिटअप्स किमान २०-२०, चिनअप्स ८, दोरीवर ३ ते ४ मीटर चढणं, आणि स्किपिंग. बस. तुला हसू येईल, कारण यातलं बरंचसं तुला आजच जमत असेल. फौजेला तुझ्याकडून आत्ता एवढंच हवंय. पुढचं ती स्वतः करून घेते, तिच्याकडे त्याची माणसं आहेत.

डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली की पहिले काही आठवडे एक दिवस पळ, एक दिवस सुट्टी. बूट कपाटात, पायात साधे रनिंग शूज. वेग असा ठेव की शेजारच्या मित्राशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. तुझ्यासारख्या मुलांना हे सगळ्यात जड जातं, कारण हळू पळताना आपण काही करतोय असं वाटतच नाही. आठवड्याचं एकूण अंतर दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नकोस. दोन-अडीच महिने असे काढलेस की मग आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार-पाच वेगवान फेऱ्या घाल. मातीचं मैदान मिळालं तर सोडू नकोस, घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवरचं काँक्रीट टाळ.

येऊरला पहाटे साडेतीनला जाणं आजपासून बंद. तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, अंधारात तिथे बिबटे फिरतात, आणि एकटा, वाकून चालणारा माणूस त्यांना कसा दिसतो हे तुला वनखात्याचा कुठलाही गार्ड सांगेल. उजाडल्यावर उपवनपर्यंत जा. झोप आठ तास हवीच, हाड भरून यायला ती लागते.

ओझं घेऊन पळायचं नाही, अठरा पूर्ण होईपर्यंत तर अजिबात नाही. चालायचं. स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागापासून सुरुवात कर, म्हणजे साठ किलोच्या मुलाने सहा किलो. सॅकचा कमरेचा पट्टा घट्ट हवा, वजन पाठीला चिकटून हवं. तांदळाचं पोतं तळाशी लोंबकळत राहिलं तर कंबर मागे खेचली जाते. महिन्यातून एकदा मित्रांबरोबर लोकलने आसनगावला उतर आणि माहुली गड कर. चढताना सॅकमध्ये ओझं म्हणून पाणी, उतरताना त्यातलं निम्मं ओतून सॅक हलकी. एका दिवसात पाय, दम, तोल आणि संयम या चारही गोष्टींची परीक्षा होते, वर फोटोही चांगले येतात.

हातांच्या ताकदीसाठी जिमपेक्षा बीम आणि दोरी बरी. पुलअप निघत नसेल तर स्टुलावरून वर जा आणि पाच आकडे मोजत सावकाश खाली ये. जवळपास दोरीचा मल्लखांब शिकवणारं कुणी असेल तर सरळ नाव घाल. पकड, पोट आणि उंचावरची भीती, तिन्हींवर एकदम काम होतं. एसएसबीत मैदानी चाचण्या घेणारा अधिकारी (जीटीओ) तुला ३ मिनिटांत १० अडथळे देतो, तेव्हा या दोरीची आठवण येईल. घरी जोर-बैठका आणि सूर्यनमस्कार आहेतच. खाण्यात नाचणी, अंडी, मटकी, शेंगदाणे, दूध, आणि घरात चालत असेल तर सुकट. डबा महाग असलाच पाहिजे असं नाही.

पूलमध्ये श्वास रोखून बसणं हे मात्र मी विनंती म्हणून सांगत नाहीये. बंद म्हणजे बंद. आधी जोरजोरात श्वास घेऊन डुबकी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो. ‘आता श्वास घे’ असं शरीराला सांगणारी घंटा तीच असते. घंटा वाजत नाही, ऑक्सिजन संपतो आणि माणूस कुठलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेच यात जातात, कमी खोल पाण्यातही जातात. पोहायचं असेल तर महापालिकेच्या तरणतलावात, लाइफगार्डच्या डोळ्यांसमोर, लांब पल्ल्याचं पोह. नडगी बरी होईपर्यंत दम टिकवायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

इंजेक्शनचं पुन्हा तुमच्याशी बोलतो, ताई. जिममध्ये ‘दम वाढवणारं’ म्हणून जे फिरतं त्यात मेफेंटरमाइन असतं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब कोसळला तर भूलतज्ज्ञ ते देतात. पळणाऱ्या मुलाच्या हृदयाला त्याने काय होऊ शकतं, याची कल्पना करा. दुसरं स्टिरॉइडचं. या वयात ते हाडांच्या वाढीच्या पट्ट्या लवकर बंद करतं, म्हणजे उंची तिथेच अडते. ज्याने सुचवलं त्याचं जिम बदला, वाद घालत बसू नका.

आणखी एक, लहान दिसणारी गोष्ट. दंडावर किंवा छातीवर पॅरा एसएफच्या ‘बलिदान’ बॅजचा टॅटू काढून घ्यायची टूम आली तर आत्ताच अडवा. सैन्यभरतीत टॅटू हाताच्या कोपरापुढच्या आतल्या बाजूला किंवा पंजाच्या मागच्या बाजूला चालतो, इतरत्र असेल तर मेडिकलमध्येच बाद होऊ शकतो.

अकॅडमीबद्दल थोडक्यात. कुठल्याही खासगी ‘कमांडो सर्टिफिकेट’ला सैन्यात शून्य किंमत आहे. त्या लाखातला छोटासा भाग चांगले शूज, डॉक्टर आणि गणिताच्या शिकवणीवर घातला तरी पुष्कळ झालं. (ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती काढावी. १९७७ पासून राज्य सरकार ती एनडीएच्या तयारीसाठीच चालवतं. मुलींसाठी तशीच संस्था आता नाशिकला आहे.)

त्याच्या बाबांना खूळ वाटतं, ते मी समजू शकतो. पण त्यांना एवढं सांगा की हे खूळ आपल्याकडे नवं नाही. ११ डिसेंबर १९७१ला, बांगलादेश युद्धात, टांगाइलवर पॅराशूटने उतरलेली २ पॅरा ही मूळची मराठा बटालियन. आजची २१ पॅरा एसएफ १९९६पर्यंत २१ मराठा लाइट इन्फंट्री होती, आणि कुपवाड्यात २०१५ साली धारातीर्थी पडलेले साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे. मुलाने पळायचं की नाही यावर त्यांनी भांडू नये, त्याऐवजी रविवारी त्याच्याबरोबर माहुलीला जावं.

एनडीए नाही जमलं तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण घरात तो असणार. पदवी करता करता सीडीएस ही अधिकारी भरतीची परीक्षा आहे, आणि एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट किमान बी ग्रेडमध्ये मिळवलं, पदवीला ५० टक्के असले, तर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणारी एनसीसी स्पेशल एंट्रीही आहे. त्यामुळे बारावीनंतर कॉलेज ठरवताना, फी भरण्याआधी, तिथे एनसीसीचं आर्मी विंग चालू आहे का ते ऑफिसात जाऊन विचारा. कॅडेटची निवड वर्षाच्या सुरुवातीला होते. जागा भरल्या की ते वर्ष गेलं, आणि ‘सी’ सर्टिफिकेटला वर्षं मोजूनच लागतात.