एसीचा आउटडोअर कुठे आणि कसा बसवायचा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नागपूरला बंगला बांधतोय. वरच्या मजल्याला साडेआठ टनाचा डक्टेबल एसी (एकाच मशीनमधून डक्टने सगळ्या खोल्यांत हवा नेणारा) घ्यायचा ठरलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो आउटडोअर जिन्याच्या टोपीवर ठेवू, वर पत्र्याची शेड टाकू म्हणजे ऊन लागणार नाही, आणि स्टँडचे बोल्ट स्लॅबमध्येच मारू म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. बरोबर आहे का?

तीनही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि कॉन्ट्रॅक्टर काही वाईट मनाने सांगत नसेल, बहुतेक जण असंच करतात.

आधी टोपीचं बोलू. ह्या टनाचा आउटडोअर शंभर-दीडशे किलोचा असतो, काही कंपन्यांचा जास्तच. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा असते तिचा स्लॅब आपल्याकडच्या मानकाप्रमाणे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो धरून डिझाइन करतात, आणि जिथे कुणी जाणारच नाही असा टोपीसारखा स्लॅब त्याच्या निम्म्यावर. म्हणजे मशीन, स्टँड आणि वर सर्व्हिसिंगला चढलेली दोन माणसं, हे सगळं त्या टोपीवर जाणार आणि तिचा हिशोब कुणी केलेलाच नसणार. शिवाय तिथे कठडा नसतो. दर सहा महिन्यांनी कॉइल धुवायला जो पोरगा येईल तो पाण्याचा पाइप हातात घेऊन ओल्या टोपीच्या कडेला उभा राहणार, ह्याचा विचार आत्ताच करा. खालच्या मोठ्या गच्चीवर, जिथे खाली बीम गेलाय अशा जागी ठेवा, आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक फोन करा, तुमचं बांधकाम चालूच आहे, तो साइटवर येतोच ना.

पत्र्याची शेड तर अजिबात नको. ह्या साइजच्या बऱ्याच मशीनचा पंखा वर तोंड करून गरम हवा फेकतो. वर पत्रा असला की तीच हवा आपटून परत कॉइलमध्ये शिरते. एसीची क्षमता बाहेर ३५ डिग्री धरून छापलेली असते, नागपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, म्हणजे आधीच मशीन कमी पडतंय, त्यात त्याला स्वतःचीच गरम हवा प्यायला लावली तर प्रेशर वाढून दुपारी दोनला हाय प्रेशर ट्रिप होणार, म्हणजे मशीन आपोआप बंद पडणार, आणि मग तुम्ही गॅस कमी आहे म्हणून गॅस भरून घेणार! सावलीच हवी असेल तर पश्चिमेला मशीनपासून दोन-तीन फूट अंतरावर हिरवी नेट उभी करा, वरची बाजू पूर्ण मोकळी. चारही बाजूंना किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये आकृती काढून दिलेलं असतं, ते पान मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि फिटिंगच्या दिवशी टेप घेऊन उभे रहा.

आणि बोल्ट. गच्चीवर कोबा केलेला असतो, त्याला चार होल पाडले की पुढच्या पावसाळ्यात बेडरूमच्या छताला ओल आलीच समजा. कोब्याच्या वर सिमेंटचे दोन ओटे बांधून घ्या, वीतभर उंच, त्यावर रबर पॅड, त्यावर मशीन, आणि बोल्ट ओट्यातच मारा. ओट्यांच्या मधून पाणी वाहून जाईल अशी दिशा ठेवा. मशीन लेव्हलमध्ये हवं, स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, डोळ्यांनी नको.

वायरिंगचं तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा धोका तिथेच आहे. एवढं मशीन ९-१० किलोवॅट खातं, थ्री फेज लागणार, महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते आधी बघा, वाढवायला वेळ जातो. थ्री फेजच्या मशीनला दोन वेगळ्या अर्थिंग वायर लागतात, "बंगल्याला आहे ना अर्थिंग" एवढ्यावर मान डोलवू नका. मशीनच्या शेजारी, नजरेच्या टप्प्यात, पाणी न शिरणाऱ्या डब्यात आयसोलेटर, म्हणजे मशीनची लाइन तोडणारा वेगळा स्विच, हवाच. टेक्निशियन वर पंख्यात हात घालून बसलाय आणि खाली कुणीतरी "एसी का बंद आहे" म्हणून मेन स्विच वर केला, असं व्हायला वेळ लागत नाही. फेज प्रिव्हेंटरही बसवा, म्हणजे एखादा फेज गेला की मशीन बंद करणारं उपकरण, फेजचा क्रमसुद्धा तपासणारं. लाइनमनने खांबावर काम करून दोन वायरी उलटसुलट जोडल्या की स्क्रोल कॉम्प्रेसर उलटा फिरतो, खडखडाट करतो, गार काही करत नाही आणि तसाच चालू ठेवला तर जातो.

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याला सातव्या मजल्यावर राहतो. दीड टनाचा स्प्लिट घेतला. फिटिंगला आलेला मुलगा खिडकीतून सरळ छज्जावर उतरायला लागला, बेल्ट वगैरे काही नाही. मी थांबवलं तर म्हणाला रोजचंच आहे. मी उगाच घाबरतेय का?

उगाच नाही. बरं केलंत थांबवलंत. फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती, मांड्या सगळं धरणारा सेफ्टी बेल्ट) नसेल तर काम होणार नाही असं दुकानाला फोनवरच सांगायचं, फिटिंगचे पाचशे रुपये जास्त गेले तरी चालतील. आणि हार्नेस नुसता घालून फोटोपुरता नको, त्याचा दोर कुठे अडकवलाय ते बघा. खिडकीच्या ग्रिलला, ड्रेनेजच्या पाइपला अडकवलेला दोर काही कामाचा नाही. खोलीच्या आतल्या कॉलमला किंवा बीममध्ये मारलेल्या हुकाला हवा. आउटडोअरसुद्धा तीसेक किलोचा असतो, त्याला वेगळा दोर बांधूनच बाहेर काढायचा, आणि खाली वॉचमनला सांगून तेवढी जागा मोकळी करून घ्यायची. पाऊस असेल तर काम उद्या.

आता भिंत. नव्या टॉवरमध्ये बाहेरच्या भिंती बऱ्याचदा सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या असतात, त्यात साधा अँकर बोल्ट धरत नाही, आज घट्ट वाटतो आणि कॉम्प्रेसरच्या थरथरीने वर्षभरात सैल होतो. ड्रिल मारताना भुकटी बघा. पांढरी, पिठासारखी मऊ आली म्हणजे ब्लॉक. लाल म्हणजे वीट. करडी, आणि ड्रिल जोर लावल्याशिवाय आत जात नाही, म्हणजे काँक्रीट, स्टँड तिथे बसवा. काँक्रीट मिळतच नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून लोखंडी पट्टी लावतात. आतून दोन पट्ट्या दिसतील, दिसू द्या, खालून माणसं जातात.

पण माझं स्पष्ट मत, ड्राय बाल्कनीत जागा असेल तर बाहेर लटकवूच नका. पंख्याचं तोंड बाहेर, समोर कपड्यांचं स्टँड नाही, एवढं सांभाळलं की झालं. सोसायटीची लेखी परवानगी दोन्हीकडे घ्या.

प्रश्न : नव्या एसीत आर-३२ गॅस आहे, तो पेट घेतो म्हणे. घरात ठेवायला सेफ आहे का?

सौम्य ज्वलनशील आहे. हवेत त्याचं प्रमाण साधारण १४ टक्क्यांच्या वर गेलं आणि तिथे ठिणगी मिळाली तरच पेटतो, हॉलमधल्या थोड्याशा लीकने तसं सहसा होत नाही. खरी काळजी फिटिंगच्या दिवशी. गॅस असलेल्या पाइपला वेल्डिंगचा टॉर्च लावायचा नाही, आणि लीक टेस्ट नायट्रोजननेच. काही महाभाग वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर आणतात. कॉम्प्रेसरमधलं तेल आणि प्रेशरखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो, ह्यात जर-तर नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर काळा असतो, नायट्रोजनचा करडा, तरी लेबल वाचाच. त्यानंतर व्हॅक्यूम पंप निदान वीस मिनिटं चालला पाहिजे. "थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हणाला तर पंप घेऊन ये म्हणून परत पाठवा.

प्रश्न : घर बदलतोय, जुना एसी काढायचाय. इलेक्ट्रिशियन म्हणतो गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतो, दहा मिनिटांचं काम. करू देऊ का?

पद्धत बरोबर आहे, पंप डाउन म्हणतात. पण गॅस ओढून झाला की कॉम्प्रेसर आधी बंद, मग नट सैल. चालू कॉम्प्रेसरवर पाइप उघडला किंवा लाइन कुठे लीक असली तर बाहेरची हवा आत ओढली जाते, तेलाबरोबर दाबली जाते आणि कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटू शकतो. एसी आधीच गार करत नसेल, म्हणजे लीकचा संशय असेल, तर पंप डाउन करूच नका, गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणाऱ्या रिकव्हरी मशीनवाल्याला बोलवा. आणि पॅनल उघडल्यावर कपॅसिटरला लगेच हात नको, मेन बंद असला तरी त्यात करंट राहतो.

प्रश्न : रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर आहे. दोन वर्षांत स्टँड गंजला. काय करावं?

साधा रंगवलेला स्टँड खाऱ्या हवेत टिकत नाही. हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा ३१६ ग्रेड स्टेनलेसचा घ्या, नट-बोल्टसुद्धा त्याच धातूचे, नाहीतर स्टँड चकाचक आणि बोल्ट गंजलेले अशी गंमत होते. आउटडोअर समुद्राच्या विरुद्ध बाजूच्या भिंतीला हलवता आला तर उत्तम. कॉइल महिन्यातून एकदा मेन बंद करून गोड्या पाण्याने, कमी प्रेशरने धुवा. आणि आत्ता जो गंजलेला आहे त्याच्या खाली पोरं खेळत असतील तर तो ह्याच आठवड्यात उतरवून घ्या, नवीन स्टँड येईपर्यंत पंखा लावा.