व्हिडिओ पुसला गेला, ठाण्याच्या कॅमेऱ्याचं काय?

प्रश्न: तक्रार नोंदवून घेईनात म्हणून मी पोलीस ठाण्यात मोबाइलवर शूटिंग केलं. हवालदाराने फोन हिसकावून व्हिडिओ डिलीट केला, वर मीच धक्काबुक्की केली म्हणून कलम १३२ (सरकारी कर्मचाऱ्याला कामापासून रोखण्यासाठी हल्ला) लावलं. ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टचीही धमकी देतात. दहा महिने झाले. मला शूटिंगचा हक्क होता ना?

उत्तर: अशा प्रत्येक पत्रात हक्काचाच प्रश्न असतो. १९२३ च्या त्या कायद्याची धास्ती सोडा. पोलीस ठाणं त्यातल्या ‘प्रतिबंधित ठिकाणा’त मोडत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ ला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो, नुसतं शूटिंग पुरत नाही. एफआयआरमध्ये आणखी कलमं असतील तर ती वाचल्याशिवाय मी बोलणार नाही.

तुम्ही धक्का दिला नाहीत, हे आता दाखवणार कोण? ठाण्यातला सीसीटीव्ही. आणि त्याबद्दल दहा महिन्यांत तुम्ही एक ओळ लिहिलेली नाही! परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी ठाण्यांतलं फुटेज १८ महिने जपायला सांगितलं. तेवढी साठवण मिळतच नसेल तर निदान एक वर्ष. तुमच्याकडे दोनच महिने आहेत असं धरून चाला.

याच आठवड्यात ठाणे प्रभारी, पोलीस अधीक्षक आणि त्याच निकालानुसारची जिल्हास्तरीय देखरेख समिती, तिघांकडे अर्ज द्या. तारीख, वेळ, कोणत्या खोलीतला कॅमेरा, सगळं लिहा आणि पोच घ्या. ‘कॅमेरा बंद होता’ असं उत्तर आलं, तर तेही लेखी मागा. पुढे कामाला येतं. मॅजिस्ट्रेटकडेही अर्ज करा, पण सध्या फुटेज फक्त जतन करण्याचा आदेश मागा. ‘हजर करा’ म्हणालात, तर आरोपनिश्चितीआधी आरोपीला तसा हक्क नाही म्हणून सरकारी पक्ष सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा देबेंद्रनाथ पाढी निकाल तुमच्यासमोर ठेवेल.

गुन्हा रद्द करायला हायकोर्टात जाता येईल, पण तिथे पहिली तारीख कधी लागेल ते विचारू नका. फुटेज तोवर थांबत नाही. डिलीट झालेला व्हिडिओ कदाचित परत मिळेल, कदाचित नाही. तोच फोन तुम्ही अजून रोज वापरत असाल, तर शक्यता आणखी घटली. आज तो बंद करून वकिलाकडे द्या.